पावसाळी दिवशी मुलाबाळांसह छत्रपती संभाजीनगर कसं फिरावं

मराठवाड्यातला पाऊस कोकणासारखा दिवसभर कोसळत नाही. सर येते, बऱ्याचदा तासाभरात उघडीपही मिळते. त्यामुळे बेत मोडायची गरज नाही, फक्त उघड्यावरच्या प्रत्येक ठिकाणाजवळ आडोशाचं एक ठिकाण ठरवून ठेवायचं. संभाजीनगरात हे सहज जमतं, कारण औरंगाबाद लेणी, सोनेरी महाल, बीबी का मकबरा आणि पाणचक्की एकमेकांपासून फार लांब नाहीत. वेरूळचा मोह मात्र त्या दिवशी टाळा. तीस किलोमीटर अंतर काही नाही, पण पावसाळी रविवारी दौलताबादच्या वेशीत गाड्या अडकतात आणि मुलं गाडीतच कंटाळतात.

आदल्या रात्री हवामान विभागाचा अंदाज बघा. जिल्ह्याला नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर सरळ दुसरा दिवस धरा. फोनमध्ये 'दामिनी' ॲप घ्या, आसपास वीज पडायची शक्यता असेल तर ते सांगतं. जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात विजा बहुधा दुपारनंतर होतात, म्हणून डोंगरावरचं आणि मोकळ्या मैदानातलं सगळं सकाळी उरकायचं.

सामान बेताचं ठेवा. मुलांना छत्री नको, रेनकोट द्या. डोंगरावरच्या वाऱ्यात छत्री उलटते आणि पायऱ्या चढताना हातही मोकळे हवेत. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही. पायात पट्ट्याची सँडल बरी. प्रत्येक मुलाचा एक कोरडा जोड, दोन पंचे आणि ओल्या कपड्यांसाठी दोन मोठ्या पिशव्या पुरतात.

डब्यात माणशी तीन धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घ्या. गरम धपाटे डब्यात कोंबले की वाफेचं पाणी सुटतं आणि दमट हवेत दुपारपर्यंत ते चिकट होऊन आंबूस वास मारतात. तव्यावरून काढल्यावर टोपलीत सुटे पसरा, पूर्ण निवू द्या, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा.

सकाळी नऊच्या आत लेणी गाठा. पायऱ्या कोरड्या असताना चढून गेलात की नंतर पाऊस आला तरी डोक्यावर कातळाचं छत असतं. लेण्यांचे मुख्य दोन गट किलोमीटरभर अंतरावर आहेत. लहान मुलं असतील तर एकच निवडा, शक्यतो सातव्या लेण्याचा. तिथे दारापाशी अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाचं मोठं शिल्प आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तो भक्तांना ज्यांतून वाचवतो ती आठ संकटं कोरली आहेत: आग, चोर, सिंह, साप, हत्ती, बुडतं जहाज वगैरे. मुलांना ती एकेक करून शोधायला लावा, अर्धा तास कसा गेला कळणार नाही. आभाळ भरलं की आत अंधार होतो, टॉर्च हवाच. उतरताना शेवाळलेल्या कडेने जाऊ नका, पायरीच्या मधोमध पाय टाका.

सर आली तर पायथ्याच्या सोनेरी महालातलं संग्रहालय गाठा. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून तो वार टाळा. उघडीप मिळाली की मकबरा. चौथऱ्यावर चपला काढाव्या लागतात आणि ओल्या फरशीवर मोजे घसरतात, तेव्हा मोजेही काढा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं.

जेवणानंतर पाणचक्की. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून इथपर्यंत आणलं आहे आणि त्याच्या जोरावर जातं फिरायचं. हौदाखाली दालन आहे, म्हणजे हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. हे मुलांना आधी सांगा, मग हौदाकडे बघायला लावा.

पाऊस थांबलाच नाही तर दुपार हिमरू-पैठणीच्या विणकामाच्या दुकानात किंवा मॉलमध्ये काढता येते. मागावर बाणा (आडवा धागा) कसा टाकतात ते बघायला मुलं खिळून राहतात.

स्वतःची गाडी असेल तर मुरमावर किंवा डांबरावर लावा. काळ्या मातीत उभी केलेली गाडी तासाभराच्या पावसानंतर जागची हलत नाही, आणि एक्सलेटर दाबला की चाक आणखी रुततं. तसं झालंच तर चाकापुढे खडी किंवा काटक्या घालून दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. खाम नदीच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नका, भले दोन किलोमीटरचा वळसा पडो.