चुन्याची पुडी आणि चिकटलेली पापणी

निपाणी-चिकोडीकडं तंबाखूसोबत चुन्याची पुडी घरोघरी. पोरानं हातात घेऊन दाबली की चुना थेट डोळ्यात. अशा वेळी तूप, दूध काही घालू नका. नळाखाली निदान अर्धा तास डोळा धुवा, मगच बेळगावची गाडी पकडा. पापणीआड राहिलेला कण जाळतच राहतो, म्हणून डॉक्टरांकडून वरची पापणी उलटून बघून घ्याच.

डोळा निवला म्हणून गाफील राहू नका. पुढचे काही आठवडे खालची पापणी बोटानं ओढून पोराला वर बघायला सांगा. पापणीपासून बुबुळाकडं गुलाबी पट्टा ताणलेला दिसला, तर पापणी डोळ्याला चिकटतेय. याला सिम्बलेफॅरॉन म्हणतात. सुरुवातीला उपचार म्हणजे थेंब, पापणी डोळ्यापासून वेगळी ठेवणारी रिंग, किंवा गर्भवेष्टनाचा (पोटातल्या बाळाभोवतीच्या पातळ पिशवीचा) पडदा. पक्की चिकटली तर शस्त्रक्रिया, पण दाह शमल्यावरच; घाई केली की पुन्हा चिकटते.

विम्याच्या कागदावर नुसतं 'डोळ्याला इजा' नको. आयसीडी-१० मध्ये (आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत) सिम्बलेफॅरॉनचा कोड एच११.२; अमेरिकी आवृत्तीत उजव्या डोळ्याला एच११.२३१, डाव्याला एच११.२३२. डावा-उजवा तेवढा स्वतः तपासा.