उत्क्रांतीवरचा नवा शोधनिबंध वाचायचा कसा

नवा शोधनिबंध हाती आला की बहुतेक जण सारांश वाचतात आणि तिथून थेट निष्कर्षावर जातात. माझं सांगणं उलटं आहे. आधी ‘पद्धती’ हा भाग उघडा. उघड्यावरच्या जीवांचा अभ्यास करताना ऊन, पाऊस, शिकारी, रोग, उपासमार सगळं एकाच वेळी चालू असतं. त्यामुळे कोणी काय मोजलं, कुठे मोजलं आणि कशाशी ताडून पाहिलं, यावरच निबंधाचा सगळा भार असतो. सारांशात हे दोन ओळींत उरकलेलं असतं.

माझं स्वतःचं काम बेडूकमाशांवर आहे. या विषयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांबरोबर मी नेमाने निबंध वाचायला बसते. तिथे जे सांगते तेच इथे लिहिते आहे. शेजारी पेन्सिल आणि कोरा कागद मात्र हवाच.

कागदावर पहिली गोष्ट लिहायची ती म्हणजे नेमकं काय मोजलं. ‘सरडे वादळाशी जुळवून घेतात’ असं लिहू नका, ते शीर्षक झालं. २०१८ साली गाजलेला एक निबंध उदाहरणाला घेऊ. कॅरिबियन समुद्रातल्या टर्क्स आणि केकोस बेटांपैकी दोन छोट्या बेटांवर संशोधकांनी अनोलिस या सरड्यांच्या मोठ्या गटातल्या एका जातीचे सरडे मोजले होते. ते परतले आणि काही दिवसांतच, सप्टेंबर २०१७ मध्ये, इर्मा आणि मग मारिया ही दोन चक्रीवादळं तिथून गेली. संशोधक पुन्हा गेले, त्याच बेटांवर पुन्हा सरडे पकडून मोजले. वादळानंतरच्या सरड्यांची बोटांवरची चिकट गादी सरासरीने मोठी होती, पुढचे पाय लांब होते आणि मागच्या पायांच्या मांड्या आखूड होत्या. मोजलं ते इतकंच: गादीचं क्षेत्रफळ आणि हाडांची लांबी. ‘जुळवून घेणं’ कोणी मोजलेलं नाही, तो त्यावरून काढलेला अर्थ आहे.

याच निबंधातला एक प्रयोग मला फार आवडतो. पालापाचोळा उडवायचं यंत्र घेऊन त्यांनी काठीला धरून बसलेल्या सरड्यावर वाऱ्याचा झोत सोडला, हळूहळू वाढवत नेला आणि सगळं चित्रित केलं. सरडा काठीच्या आडोशाला जातो, पुढचे पाय घट्ट धरून ठेवतो. मागचे पाय आधी सुटतात आणि वाऱ्यात झेंड्यासारखे फडफडतात. खाली जाळी लावलेली असल्यामुळे सरड्यांना इजा झाली नाही. लांब मांडी वाऱ्यात का नडत असेल, हे ते चित्रण पाहिलं की लगेच उमगतं. नैसर्गिक निवड झाली, म्हणजे ठरावीक गुणांचे जीवच जास्त टिकले, असं म्हणणाऱ्या निबंधात ‘ती कशी झाली असेल’ हे तपासणारा असा एखादा प्रयोग आहे का, ते मुद्दाम शोधा. तो असेल तर नुसत्या सरासरीला अर्थ येतो.

आता कागदावर दुसरी नोंद: दुसऱ्या कोणत्या कारणाने हेच दिसलं असतं? सरड्यांच्या बाबतीत निदान दोन कारणं विचारात घ्यावी लागतात. वादळात दुसरीकडचे सरडे वाहून आले असतील, किंवा घट्ट धरून ठेवण्याच्या ताणाने त्याच सरड्यांच्या शरीरात फरक पडला असेल. ही यादी तुम्ही स्वतः करा आणि मगच ‘चर्चा’ हा भाग वाचा. लेखकांनी तुमच्या यादीतलं काय गाठलं आणि काय सोडलं, हे आपोआप कळतं.

या ठिकाणी सर्वांत जास्त वेळ द्या असं मी म्हणेन, कारण उत्क्रांतीच्या निबंधातला मुख्य प्रश्न इथेच असतो. दिसलेला बदल पुढच्या पिढीत उतरणारा आहे, की एकाच जीवाने परिस्थिती पाहून केलेला आहे? माझे बेडूकमासे याचं चांगलं उदाहरण आहेत. कितीतरी जातींच्या बेडूकमाशांना पाण्यात चतुर या शिकारी कीटकाच्या अळ्यांचा वास लागला की त्यांची शेपटी रुंद होत जाते. आम्ही बेडूकमाशाला काचेच्या अरुंद पेटीत घालून, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढतो आणि शेपटीचा सर्वांत रुंद भाग मोजतो. फरक नुसत्या डोळ्यांनीही जाणवतो. पण एकाच मादीच्या अंड्यांतून निघालेली भावंडं दोन टबांत वाटली, एकात जाळीआड अळ्या ठेवल्या आणि दुसऱ्यात नाही, तरीही हा फरक पडतो. म्हणजे इथे काही उत्क्रांत झालं नाही. त्याच जनुकांनी वेगळ्या पाण्यात वेगळं शरीर घडवलं. याला लवचीकता म्हणतात. लवचीक असण्याची क्षमता स्वतः उत्क्रांतीतून आलेली असू शकते. पण तो वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

पक्ष्यांतही असंच. इंग्लंडमधल्या वायथम वुड्स या जंगलात ग्रेट टिट या छोट्या पक्ष्यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या ठेवल्या आहेत. १९६१ पासूनच्या ४७ वर्षांत त्यांची अंडी घालण्याची वेळ सुमारे दोन आठवडे अलीकडे आली. वाचणाऱ्याला वाटेल, तापमानवाढीमुळे पक्षी उत्क्रांत झाले. पण २००८ च्या विश्लेषणात दिसलं की एकेक मादीच वसंत किती उबदार आहे त्यानुसार आपली वेळ बदलते, आणि तेवढ्याने बहुतांश बदलाचा उलगडा होतो. त्याच माद्या वर्षानुवर्षं ओळखून मोजल्या होत्या, म्हणून हे सांगता आलं. तेव्हा ‘पद्धती’मध्ये शोधायच्या गोष्टी अशा: जीव एकेकटे ओळखता येत होते का, आई-बाप-पिल्लांची नाती माहीत होती का, किंवा वेगवेगळ्या ठिकाणचे जीव आणून एकाच परिस्थितीत वाढवले होते का. यातलं काहीच नसेल तर ‘उत्क्रांती’ या शब्दापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढा.

प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या संशोधकांनी फिंच पक्ष्यांवर केलेलं काम इतकं भक्कम मानलं जातं ते याचसाठी. १९७७ च्या दुष्काळात मऊ, बारीक बिया संपल्या. सराट्याच्या कुळातल्या झाडाची काटेरी, टणक फळं उरली. ती फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी जास्त जगले. त्यांची पिल्लंही जाड चोचीची निघाली, आणि चोचीची जाडी आई-बापांकडून येते हे पिल्लांच्या पायात ओळखीची कडी घालून आधीच मोजलेलं होतं. दुष्काळातली निवड हा एक भाग, पुढच्या पिढीतला बदल हा दुसरा. दोन्ही स्वतंत्रपणे मोजलेले. पुढे १९८३ च्या अतिवृष्टीनंतर बारीक बिया माजल्या आणि निवडीची दिशा उलटली. म्हणून एखाद-दोन वर्षांच्या अभ्यासात दिशा दिसली तर ती तेवढ्याच काळाची समजा.

तिसरी नोंद आकड्यांची. इथे एकच प्रश्न पुरतो: स्वतंत्र नमुने किती? समजा दोन टब आहेत आणि प्रत्येकात शंभर बेडूकमासे. निबंधात ‘नमुने २००’ असं लिहिलेलं असेल. पण अळ्यांचा वास टबाला मिळाला आहे, एकेका बेडूकमाशाला नाही. एका टबावर ऊन जास्त पडत असेल तर त्यातले शंभरच्या शंभर सारखेच वाढतील. खरे नमुने दोनच, प्रत्येक बाजूला एक. १९८४ साली स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी या चुकीला खोटी पुनरावृत्ती म्हटलं आणि परिसंस्थांवरच्या कितीतरी छापील प्रयोगांत ती दाखवून दिली. ती आजही आढळते. टब, तळं, बेट, झाड यांपैकी उपचार, म्हणजे प्रयोगात मुद्दाम केलेला बदल, कशाला दिला ते शोधा आणि त्याचीच संख्या मोजा. पी-मूल्याकडे, म्हणजे खरा परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याच्या शक्यतेकडे, मग बघा. परिणाम केवढा आहे आणि त्याची अनिश्चितता किती रुंद आहे, हे मी त्याच्या आधी पाहते.

मोठे आकडे बातमीत येतात तेव्हा तर मूळ निबंध उघडलाच पाहिजे. २०१७ मध्ये ‘जर्मनीत तीन चतुर्थांश कीटक नाहीसे’ अशा बातम्या आल्या. मूळ निबंधात २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांच्या एकूण वजनात ७६ टक्के घट नोंदली आहे, ६३ संरक्षित ठिकाणी लावलेल्या तंबूसारख्या सापळ्यांतून. वजन मोजलं होतं, संख्या नाही, जातीही नाहीत. आणि बहुतेक ठिकाणी सापळे एकाच वर्षी लावले होते. हवामान आणि परिसर यांचा हिशेब धरून प्रतिमानाने, म्हणजे गणिती मॉडेलने, सगळे धागे जोडले. यामुळे तो निबंध हलका ठरत नाही. घट खरी आणि चिंताजनक आहे असंच मला वाटतं. पण ‘किती जाती गेल्या’ याचं उत्तर त्याच्याकडे मागू नका.

विदा (मोजलेली मूळ माहिती) आणि आज्ञावली (विश्लेषणाचा संगणकीय कोड) खुली ठेवली आहे का, हेही बघून घ्या. याला महत्त्व का आहे ते अलीकडच्या एका मोठ्या उपक्रमातून दिसलं. त्यात १७४ गटांना तीच विदा दिली. काहींनी ब्लू टिट पक्ष्यांच्या पिल्लांच्या वाढीवर भावंडांच्या संख्येचा परिणाम तपासला, काहींनी निलगिरीच्या रोपांवर गवताचा. पिल्लांच्या बाबतीत बहुतेकांचं उत्तर एकाच दिशेचं होतं, भावंडं जास्त तर वाढ कमी. पण परिणाम केवढा यावर गटागटांत मोठी तफावत होती. रोपांच्या बाबतीत उत्तरं शून्याच्या आसपास दोन्ही बाजूंना विखुरली. विदा तीच, फक्त विश्लेषणातले निर्णय वेगळे. म्हणून लेखकांनी कोणते नमुने वगळले आणि कोणते घटक धरले, त्याची कारणं दिली आहेत का, ते वाचताना अधोरेखित करा. प्रीप्रिंट असेल तर हे काम दुप्पट काळजीने करा, कारण तो समीक्षकांच्या हाताखालून गेलेला नसतो.

शेवटी, एका निबंधावर थांबू नका. त्याचा उल्लेख करणारे नंतरचे निबंध शोधा. समुद्राच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की प्रवाळातले मासे शिकाऱ्याचा वास टाळेनासे होतात, असे सुरुवातीचे निबंध फार ठळक परिणाम दाखवत होते. सहा जातींवर, तीन वर्षं, शेकडो मासे घेऊन ते प्रयोग पुन्हा केले तेव्हा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही; हा निबंध २०२० मध्ये आला. सरड्यांच्या बाबतीत उलट घडलं. त्याच गटाने दीड वर्षाने पुन्हा जाऊन मोजलं तेव्हा मोठ्या गाद्या टिकून होत्या. शिवाय अनोलिसच्या १८८ जाती ताडून पाहिल्यावर, जिथे गेल्या सत्तर वर्षांत चक्रीवादळं जास्त आली तिथल्या सरड्यांच्या गाद्या मोठ्या आढळल्या. हे २०२० मध्ये छापून आलं. आधीच्या कागदावर ‘वादळात वाहून आलेले सरडे?’ असं लिहिलं असेल, तर हा निबंध समोर ठेवून ती ओळ खोडायची की ठेवायची ते ठरवा, आणि शेजारी कारण लिहा.