किडनीचा कॅन्सर आणि हार्मोनच्या गोळ्या : या चुका टाळा

किडनीच्या कॅन्सरची गाठ हार्मोनच्या औषधाने जात नाही. आज या आजाराच्या नेहमीच्या उपचारात हार्मोन औषधांना गाठीवरचा इलाज म्हणून जागा उरलेली नाही. तरीही किडनीच्या कॅन्सरच्या पेशंटच्या चिठ्ठीवर हार्मोनची गोळी असू शकते, आणि ती मनाने बंद केली तर जिवावर बेतू शकतं. घोळ होतो तो या दोन गोष्टींच्या मधे.

धुळे-जळगाव रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे. कोणी मुंबईहून टाटाला दाखवून येतो, कोणी नाशिकहून, साक्री-नवापूरकडची माणसं सुरतेहून. फाईल, सीटी स्कॅनचं मोठं पाकीट, औषधांची पिशवी, सगळं काउंटरवर मांडतात आणि मग प्रश्न सुरू होतात. त्या प्रश्नांमधून ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात त्या इथे लिहितोय. किडनीचा कॅन्सर म्हणजे इथे मोठ्या माणसांत सर्रास आढळणारा प्रकार, रीनल सेल कार्सिनोमा.

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा उपचार मागणं

"दादा, नानाले हार्मोनन्या गोया चालतीन का? बाजूना बाबाले इंजेक्शन दीसन फरक पडना." (म्हणजे, नानांना हार्मोनच्या गोळ्या चालतील का, शेजारच्या बाबांना इंजेक्शन देऊन फरक पडला.) हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. किडनीचा कॅन्सर आणि प्रोस्टेटचा कॅन्सर, दोन्ही पेशंट एकाच युरॉलॉजीच्या वॉर्डात असतात. प्रोस्टेटवाल्याला महिन्याने किंवा तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडसारखं हार्मोनचं इंजेक्शन मिळतं आणि त्याचा पीएसए (प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली येतो. घरात एखाद्या काकूला स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असतं. मग आमच्याच माणसाला का नाही, असं वाटणारच.

कारण असं आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर वाढतो, आणि स्तनाच्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेनवर. तो पुरवठा तोडला की गाठ उपाशी पडते. किडनीच्या गाठीचं इंजिन वेगळं आहे. तिच्या नेहमीच्या प्रकारात व्हीएचएल नावाचं जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे पेशीला सतत ऑक्सिजन कमी पडल्याचा भास होतो आणि ती स्वतःभोवती नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं उभं करते. म्हणून सुनिटिनिब, पॅझोपॅनिब, कॅबोझँटिनिब या गोळ्या ती वाहिन्यांची वाढ अडवतात, आणि निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इंजेक्शनं शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडतात, यालाच इम्युनोथेरपी म्हणतात. गाठ किडनीपुरतीच असेल तर ऑपरेशन हाच मुख्य इलाज. टॅमॉक्सिफेनही किडनीच्या कॅन्सरवर मोठ्या डोसात वापरून पाहिलं गेलं होतं. पदरात फारसं काही पडलं नाही.

जुनं वाचून नवं ठरवणं

ही चूक शिकलेल्या घरांत जास्त होते. मुलगा पुण्याला नोकरीला असतो, रात्रभर मोबाईलवर वाचतो आणि सकाळी फोन करतो: "मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन नावाचं औषध आहे, स्वस्त आहे, ते का देत नाहीत?" त्याने वाचलेलं खोटं नसतं, फक्त फार जुनं असतं. ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती कळली की मनातली हुरहुर जाते.

1950 च्या आसपास अमेरिकेतल्या संशोधकांनी सीरियन हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याला दीर्घकाळ इस्ट्रोजेन दिलं, तेव्हा नरांच्या किडनीत गाठी झाल्या. प्रोजेस्टेरॉन दिलं की त्या गाठी रोखल्या जातात असंही दिसलं. त्यावरून लंडनच्या रॉयल मार्सडेन हॉस्पिटलमधल्या डॉ. ब्लूम यांनी 1960 च्या दशकात पसरलेल्या किडनी कॅन्सरच्या पेशंटना प्रोजेस्टेरॉनच्या जातीची औषधं द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या अहवालांत शंभरातल्या पंधराएक जणांना फायदा दिसला. त्या काळी दुसरं काहीच हातात नव्हतं. केमोथेरपीला हा कॅन्सर दाद देत नाही. मग जगभर हे औषध चालू झालं.

पुढे स्कॅन आले, गाठ मोजायचे नियम कडक झाले, आणि तो आकडा घसरत घसरत शंभरात पाचाच्याही खाली गेला. किडनीच्या काही गाठी मुळातच सावकाश वाढतात, क्वचित एखादी आपोआपही आक्रसते. त्याचं श्रेय औषधाला जात होतं. ऑपरेशननंतर कॅन्सर परत येऊ नये म्हणूनही हे औषध देऊन पाहिलं, तिथेही फायदा निघाला नाही. माझ्या मते निर्णायक अभ्यास ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा, 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलेला. त्यात 335 पेशंट होते. अर्ध्यांना इंटरफेरॉन (प्रतिकारशक्ती चेतवणारं जुनं इंजेक्शन), अर्ध्यांना मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. इंटरफेरॉनवाल्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट जेवढा काळ जगले तो) साडेआठ महिने निघालं, हार्मोनवाल्या गटाचं सहा महिने. म्हणजे तोवर हार्मोनचं औषध तुलनेपुरतं उरलं होतं, आणि त्या तुलनेतही ते हरलं. नंतर 2005-06 मध्ये सोराफेनिब आणि सुनिटिनिब आले, 2015 मध्ये निवोलुमॅब आलं, आणि इंटरफेरॉनही मागे पडलं.

म्हणून डॉक्टर स्वस्त औषध लपवून महागडं लिहून देतात, असा संशय या बाबतीत तरी मनातून काढून टाका. खर्चाची अडचण खरी आहे, ती मी रोज पाहतो. पण तिचं उत्तर दुसरीकडे आहे. सुनिटिनिब, पॅझोपॅनिब भारतात जेनेरिकमध्ये मिळतात आणि भावांत मोठा फरक असतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला उपचार सुरू व्हायच्या आधी विचारा, नंतर नव्हे.

भुकेच्या औषधाला कॅन्सरचं औषध समजणं

मेजेस्ट्रॉल हेही प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं. पेशंट खात नाही, अंगावरचं मांस गेलं, दोन घास भाकरीचे खाल्ले की ताट सरकवतो, अशा वेळी डॉक्टर कधी कधी ते भूक वाढवायला देतात. पेशंट जेवायला लागतो, वजन दीड-दोन किलो वाढतं, आणि घरात बोलणं सुरू होतं की हेच औषध लागू पडलं. मग महागड्या गोळ्यांचा पुढचा डबा आणायचं पुढे ढकललं जातं. हा प्रकार मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो.

वाढलेलं वजन बहुतेक चरबीचं आणि पाण्याचं असतं, आणि गाठीचा आकार त्यावरून कळत नाही. शिवाय या औषधाने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. किडनीच्या कॅन्सरमध्ये तो धोका आधीच जास्त असतो. कधी कधी गाठच किडनीच्या शिरेतून पोटातल्या मोठ्या शिरेपर्यंत सरकलेली असते. म्हणून हे औषध चालू असताना एकच पाय सुजला, पोटरी दुखून गरम लागली किंवा एकाएकी दम लागला, तर शेकत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आधी कधी गुठळी झाली असेल तर ते औषध सुरू करण्याआधीच सांगा. साखरही वाढते, मधुमेह असेल तर तपासत राहा. आणि ओळखीच्या दुसऱ्या पेशंटची उरलेली बाटली कधीही वापरू नका.

थायरॉइडची गोळी "हार्मोन" म्हणून बंद करणं

आता उलटी चूक. "किडनीच्या कॅन्सरला हार्मोन उपयोगाचं नाही" एवढंच कानावर पडतं आणि घरातलं कोणी तरी लेव्होथायरॉक्सिनची स्ट्रिप बाजूला काढतं. ही गोळी गाठीसाठी नसतेच. सुनिटिनिब आणि त्याच्या जातीच्या गोळ्यांनी थायरॉइड ग्रंथी मंदावते, इम्युनोथेरपीनेही तिला सूज येऊन ती मंदावू शकते. ग्रंथीने जे बनवायचं थांबवलं तेच गोळीतून भरून दिलं जातं. ती बंद केली की माणूस थंड पडतो, दिवसभर झोपतो, चेहरा सुजतो, आवाज जड होतो. घरचे म्हणतात कॅन्सर वाढला. खरं तर टीएसएच (थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारा आकडा) तपासायची वेळ झालेली असते.

दुसरी बाजू अशी की गोळी चालू असते आणि तरी टीएसएच खाली येत नाही. तेव्हा डोस वाढवून मागण्याआधी ती कशी घेतली जाते ते पाहा. आपल्याकडे उठल्या उठल्या चहा, आणि चहाबरोबरच सगळ्या गोळ्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहाला अर्धा-पाऊण तास थांबायचं. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. माझ्याकडे आलेल्या कित्येकांचा प्रश्न एवढ्याने मिटला आहे.

कॅल्शियम मनाने सुरू करणं

किडनीची गाठ स्वतःच हार्मोनसारखे पदार्थ तयार करू शकते. त्यातल्या एकाने रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग खूप तहान लागते, सारखी लघवी होते, पोट साफ होत नाही, गुंगी येते, माणूस असंबद्ध बोलतो. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. तिथे तहान आणि गळाठा ऊन लागल्यावर ढकलणं सोपं जातं. अशातच "हाडं दुखतात" म्हणून कोणी कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन जातो. किडनीचा कॅन्सर आहे असं कळलं की मी त्या देत नाही, आधी रक्तातलं कॅल्शियम तपासून यायला सांगतो. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकसुद्धा नाही, एकाच किडनीवर चाललेल्या माणसाला ते महागात पडतं.

ऑपरेशनबद्दलची धास्ती

किडनीच्या टोकावर अॅड्रीनल ग्रंथी असते. मोठ्या ऑपरेशनमध्ये कधी कधी तीही काढावी लागते, आणि आता जन्मभर हार्मोन घ्यावे लागतील अशी भीती बसते. दुसऱ्या बाजूची ग्रंथी शाबूत असेल तर सहसा तसं काही लागत नाही. दोन्ही गेल्या तर मात्र हायड्रोकॉर्टिसोन (त्या ग्रंथीच्या हार्मोनची गोळी) कायमचं.

बायका अजून एक विचारतात, हळू आवाजात: पूर्वी पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतल्या, त्याने तर नाही ना झालं? तसा ठोस पुरावा नाही. धूम्रपान, लठ्ठपणा, वाढलेलं ब्लडप्रेशर ही या कॅन्सरची माहीत असलेली कारणं आहेत. आपल्याला दोष देत बसू नका.

स्टिरॉइड : मनाने सुरू करणं आणि मनाने थांबवणं

स्टिरॉइड हेही हार्मोनच. मेंदूत गाठ पोचून सूज आली तर डेक्सामेथासोन देतात. इम्युनोथेरपीने आतड्याला, फुफ्फुसाला, लिव्हरला सूज आली तर प्रेडनिसोलोन देतात. दोन्ही वेळा ते त्रासावरचं औषध असतं. इम्युनोथेरपी सुरू व्हायच्या आधी मात्र गुडघेदुखीच्या, दम्याच्या पुड्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि रोजचं स्टिरॉइड इम्युनोथेरपीचा जोर कमी करू शकतं.

काही आठवडे चाललेलं स्टिरॉइड एकदम थांबवायचं नाही. शरीराने स्वतःचं बनवणं बंद केलेलं असतं. इम्युनोथेरपीने अॅड्रीनल किंवा मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी बिघडली असेल, तर हायड्रोकॉर्टिसोन बहुधा कायम घ्यावं लागतं. ताप आला तर डोस वाढवायचा असतो, किती ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं, सकाळची वाट पाहायची नाही.

इथे गावाकडची एक अडचण आहे. उपचार मुंबईत आणि रात्री दोनला त्रास होतो गावात. बीपी खाली, उलट्या, पोटात दुखतंय, माणूस गळून गेलाय. ड्युटीवरच्या डॉक्टरांना पेशंट नवा असतो आणि ते गॅस्ट्रो समजून सलाईन लावतात. म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर मराठीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: किडनीचा कॅन्सर, इम्युनोथेरपीच्या औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन चालू आहे का आणि किती, ऑन्कॉलॉजी (कॅन्सर) विभागाचा फोन. इम्युनोथेरपी संपून काही महिने झाले असले तरी लिहा, कारण ग्रंथींचा त्रास उशिराही सुरू होतो. दवाखान्यात शिरताना पहिलं वाक्य हेच बोला, जे लागू असेल ते: "पेशंट स्टिरॉइडवर आहेत" किंवा "पेशंटची इम्युनोथेरपी झाली आहे", आणि पुढे: "हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागेल का ते आधी बघा."