भाडं कोण भरत होतं?

लंडनला चित्रकलेत एमए करायला निघालेली मुलं मला मेसेज करतात. पहिला प्रश्न पोर्टफोलिओचा असतो, दुसरा कॉलेजचा. घरभाड्याचं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. मी विमानात बसले ती डोक्यात सूझा घेऊन.

फ्रान्सिस न्यूटन सूझा. गोव्यात जन्मलेला, १९४५ साली मुंबईच्या जेजे कलाशाळेतून काढून टाकलेला, १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट उभा करणारा चित्रकार. १९४९ ला तो लंडनला गेला. १९५५ मध्ये इंग्रज कवी स्टीफन स्पेंडरनं आपल्या 'एन्काउंटर' मासिकात त्याचा आत्मकथनपर लेख छापला, त्याच सुमारास लंडनच्या गॅलरी वनमध्ये प्रदर्शन लागलं आणि चित्रं हातोहात गेली. आम्ही विद्यार्थी ही गोष्ट तीन शब्दांत सांगायचो: गेला, उपाशी राहिला, जिंकला.

मधली सहा वर्षं त्या तीन शब्दांत कुठेच नाहीत. त्या वर्षांत घर बरंचसं त्याच्या बायकोच्या, मारियाच्या कमाईवर चाललं. आणि १९५५ च्या यशानंतरही निर्धास्तपणा आला तो हॅरल्ड कोव्हनर नावाच्या अमेरिकन संग्राहकामुळे. तो चित्रांच्या बदल्यात काही वर्षं नियमित पैसे देत राहिला. मोठ्या चित्रकाराचं चरित्र हातात आलं की मी आता आधी हेच शोधते, भाडं कोण भरत होतं? बहुतेकदा उत्तर तळटीपेत सापडतं, आणि बहुतेकदा ते बाईचं नाव असतं.

माझं भाडं दोन महिने माझ्या रूममेटनं भरलं. ती नर्स होती, रात्रपाळी करायची. मी एका रेस्टॉरंटच्या मोरीत भांडी घासत होते, पण फी आणि कर्जाचा हप्ता गेल्यावर उरायचं काय? स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. एमएवाल्यांनी इथे नीट लक्ष द्या: उन्हाळा ही तुमची सुट्टी नसते. प्रबंधाचे किंवा अंतिम प्रदर्शनाचे ते महिने सत्रातच धरतात, त्यामुळे २० तासांची मर्यादा तेव्हाही कायम. 'जून-जुलैत भरपूर कमवू' हा हिशेब करून आलेले मी किती पाहिलेत!

दुसरा नियम चित्रकाराला जास्त झोंबतो. या व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, आणि स्वतःची चित्रं विकणं हा स्वयंरोजगारच. आमच्या पदवी-प्रदर्शनात एक आजी माझ्या मोठ्या कॅनव्हाससमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी किंमत विचारली. 'विक्रीला नाही' असं म्हणताना माझा घसा कोरडा पडला होता. पुढे ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिक्षण संपल्यावर तिथे राहून काम करायचा परवाना, हातात आला त्या संध्याकाळी मी त्यांना ईमेल केलं. उत्तर फार गोड होतं. त्या भिंतीवर त्यांनी तोवर आरसा लावला होता.

ग्रॅज्युएट व्हिसावर विकता येतं. मला तो दोन वर्षांचा मिळाला. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळेल, तेव्हा बेत तसा आखा. करवर्षात धंद्याची उलाढाल १,००० पौंडांच्या वर गेली की कर खात्याकडे नोंदणी करावी लागते. कंटाळवाणं आहे, पण करा. आणि किंमत ठरवताना लक्षात ठेवा की गॅलरी साधारण निम्मे पैसे घेते.

एक फसगतही सांगते. एका गॅलरीनं 'सहभाग शुल्क' म्हणून ३५० पौंड मागितले आणि मी ते दिले. तळघरात आठवडाभर चित्र टांगलं होतं. बघायला आले ते इतर पैसे भरलेले चित्रकार. शुल्क तर रॉयल अकादमीच्या समर एक्झिबिशनलाही असतं, पण ते १७६९ पासून दरवर्षी भरतंय आणि तिथे कामं निवडली जातात. न्यू कंटेम्पररीज हे प्रदर्शन तर नवशिक्या आणि नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांसाठीच आहे. ते १९४९ ला सुरू झालं, म्हणजे सूझा आला त्याच वर्षी. नकार पचवायची तयारी ठेवून अशा ठिकाणी अर्ज करा. मला तीन नकार आले.

भांडी सुटली ती आर्ट हँडलरच्या नोकरीमुळे. आर्ट हँडलर म्हणजे चित्रांचा हमाल: क्रेट उघडायची, चित्र उचलायचं, लेव्हल लावून टांगायचं. माझ्या एमएपेक्षा या नोकरीनं मला जास्त शिकवलं, हे कॉलेजला सांगू नका. चित्राची मागची बाजू मी तिथे पहिल्यांदा नीट पाहिली. जुन्या प्रदर्शनांची लेबलं, दुरुस्तीच्या खुणा, चौकटीचे कोपरे कसे जोडलेत ते. घरी येऊन माझे कॅनव्हास उलटे केले तर चौकटी पिळवटलेल्या. इतकी वर्षं मी फक्त पुढून चित्रं काढत होते.

एका प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी भिंतीवर चिकटवायची व्हिनाइलची (प्लास्टिकची) अक्षरं टिकेनात. भिंत खडबडीत होती, कोपरे सुटत होते. दुसरी मागवायला वेळ नव्हता. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शाळेत असल्यापासून मी त्यांच्यासाठी खडूची दोरी धरायचे, नंतर अक्षरंही भरायला लागले. म्हटलं, मी ब्रशनं लिहिते. प्रदर्शन मांडणाऱ्या क्युरेटरनं आधी माझ्याकडे, मग घड्याळाकडे पाहिलं आणि 'लिहा' म्हणाली. रात्री साडेअकराला शेवटचा पूर्णविराम दिला. ती म्हणाली, 'तुम्ही आणखी काय रंगवता?'

वडिलांचं काम मी तोवर लपवत आले होते. त्यानंतर ते माझ्या चित्रांत आलं: पाट्यांची अक्षरं, सावलीची दुहेरी रेघ, एनॅमलची चमक. माझं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन त्याच कामांचं झालं आणि निम्म्याहून जास्त विकलं गेलं. रूममेटचे पैसे मी त्या आठवड्यात फेडले. तिनं ते मोजूनही पाहिले नाहीत.

पुढे ग्लोबल टॅलेंट व्हिसासाठी अर्ज केला, तो आपल्या क्षेत्रातल्या कामगिरीवर मिळतो. दृश्यकलेत त्याची शिफारस आर्ट्स कौन्सिल इंग्लंड ही तिथली सरकारी कलासंस्था तपासते. तीन शिफारसपत्रं लागतात आणि जास्तीत जास्त दहा पुरावे जोडता येतात, तेही गेल्या पाच वर्षांतले. म्हणून पहिल्या दिवसापासून आमंत्रणं, कॅटलॉग, छापून आलेली परीक्षणं जपून ठेवा. वकिलाला माझे नऊ कागद पसंत पडले. दहावा म्हणजे साडेअकराला संपवलेल्या त्या भिंतीचा फोटो. त्याचं म्हणणं, ही कला नव्हे, मजुरी आहे, काढून टाका.

मी तो तसाच ठेवला.