नवीन साप घरी आणलाय आणि तो खातच नाही? आधी हे वाचा

साप आणून आठ दिवस झाले आणि उंदराला तोंडसुद्धा लावलं नाही, आता काय करू, हा प्रश्न मला दर थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी विचारतं आणि माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, काही करू नका, साप ठेवलाय तो टब झाका आणि खोलीतून बाहेर या. त्याला भूक नाही म्हणून खात नाही असं नसतं, तो घाबरलाय म्हणून खात नाही. सापाच्या बाजूने विचार करा ना, काल कुठेतरी ओळखीच्या वासात होता, मग कापडी पिशवीत घातलं, थर्माकोलच्या डब्यात ठेवलं, कसारा घाटातून गाडीत हिंदकळत आला आणि आता नवीन जागा नवीन वास आणि वर चार माणसं वाकून बघतायत. अशात कोण जेवेल.

मी इथे बॉल पायथनबद्दल लिहितेय कारण घरी तोच आहे आणि बहुतेकांकडे तोच असतो. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप, उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात दडून राहणारा, घाबरला की डोकं मधे घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. खाण्याचे नखरे करण्यात हा पहिला नंबर. कॉर्न स्नेक ह्या दुसऱ्या पाळीव सापाचा एवढा त्रास नसतो पण त्याचं तापमान वेगळं, खालचे आकडे त्याला लावू नका.

कायद्याचं आधी सांगते कारण ह्यात लोक फसतात. धामण, कवड्या, आपला अजगर, कुठलाही देशी साप पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. मळ्यात पिल्लू सापडलं म्हणून बरणीत भरून घरी आणू नका, सर्पमित्राला बोलवा नाहीतर वन विभागाच्या १९२६ वर फोन करा. बॉल पायथन परदेशी असला तरी सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्यामुळे त्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत. देणारा कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर साप घेऊच नका, कितीही स्वस्त असू दे.

आता जागा. साप यायच्या आधी निदान दोन दिवस टब चालू करून ठेवा, साप मांडीवर आणि हीट मॅटचं, म्हणजे टब गरम ठेवणाऱ्या विजेच्या चटईचं, खोकं अजून फोडायचंय असं नको. गरम बाजू ३१ ते ३३ अंश, गार बाजू २५ ते २७, आणि रात्रीसुद्धा २४ च्या खाली जाऊ देऊ नका. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला वीज बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, हीट मॅट लावूच नका, पोट भाजतं आणि साप बाजूला सरकेलच असं नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, मॅटच्या अगदी वर पक्का बसवा, काचेला बाहेरून चिकटवायचं स्टिकरवालं थर्मामीटर खरा आकडा देत नाही.

लपायला दोन जागा हव्यात, एक गरम बाजूला एक गार बाजूला, दोन्ही सारख्याच. एकच ठेवली तर त्याला ऊब आणि सुरक्षितता ह्यातलं एक निवडावं लागतं, आणि बिचारा लपणंच निवडतो मग गारठून पचन बिघडतं. हाइड, म्हणजे ही लपायची जागा, मोठा महाल नको, वेटोळं घालून बसला की पाठ आणि बाजू भिंतीला टेकल्या पाहिजेत. कडा घासून घेतलेली उलटी मातीची कुंडी मस्त चालते. खाली कोकोपीट, ते आमच्या नाशिकला गंगापूर रोडच्या कुठल्याही नर्सरीत मिळतं, फक्त खत मिसळलेलं नको. काचेचा टँक असेल तर तीन बाजूंना कागद लावा, चारी बाजूंनी माणसं दिसणं हे सापासाठी फार वाईट.

नाशिकच्या हवेचं वेगळं सांगावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात यायला लागला की समजायचं रात्री खोली पण गार पडणार, मग नुसती मॅट पुरत नाही, वरून सिरॅमिक हीटर लागतो, तोही थर्मोस्टॅटवर. लाईट गेली तर मॅटला वीज फार लागत नाही, घरच्या इन्व्हर्टरवर चालते, नाहीतर गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून टबच्या बाहेरून टेकवून ठेवा. एप्रिल-मे मधे उलटं, थर्मोस्टॅट टब गार करत नाही, खोलीच ३५ च्या वर गेली तर टब घरातल्या सगळ्यात थंड खोलीत खाली फरशीवर आणा. त्या दिवसांत हवा पण कोरडी होते आणि ह्याला आर्द्रता ५५ ते ६५ टक्के लागते, कात टाकताना थोडी जास्त, म्हणून पाण्याचं भांडं मोठं ठेवा. पावसाळ्यात ह्याच्या बरोब्बर विरुद्ध, कोकोपीटला बुरशी धरते, तेव्हा पाणी शिंपडणं बंद.

पहिला आठवडा हात लावायचा नाही. पाणी बदलायचं, शी दिसली तर काढायची, बस. घरातल्यांना हे समजावणं सगळ्यात अवघड जातं, माझ्या सासूबाई आधी खोलीतच येत नव्हत्या आणि नंतर नागपंचमीला दूध घेऊन आल्या. त्यांना शांतपणे सांगितलं की साप दूध पीत नाही, त्याला ते पचत नाही, तर त्यांनी ऐकलं आणि टबच्या बाहेरून हळदीकुंकू वाहिलं. फ्रीजरचं मात्र आधीच ठरवा, घरात चातुर्मास पाळत असतील तर भाज्यांच्या शेजारी उंदरांची पिशवी चालणार नाही आणि का चालावी, एक छोटा वेगळा फ्रीजर किंवा निदान झाकणाचा वेगळा डबा घ्या आणि आधी सांगून ठेवा.

सहा-सात दिवसांनी पहिलं खाणं. त्याआधी ज्याच्याकडून साप घेतला त्याला तीन गोष्टी विचारा, काय खात होता, जिवंत की फ्रोझन, आणि शेवटचं कधी खाल्लं. तो छोटे पांढरे उंदीर खात असेल तर तुम्ही पहिल्याच दिवशी मोठ्या जातीच्या उंदराचं पिल्लू देऊ नका, आधी जे चालू होतं तेच द्या, बदल नंतर. आकार सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा. घरात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर कधीच नको, त्याच्या पोटात विष असू शकतं आणि जंत तर असतातच.

फ्रोझन उंदीर रात्रभर फ्रीजमधे खालच्या कप्प्यात सुटू द्या, मग झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात बुडवा, उकळतं पाणी नाही आणि मायक्रोवेव्ह अजिबात नाही, आतून शिजतो आणि फुटतो. पोट दाबून बघा, आत बर्फ लागला तर अजून थांबा. बॉल पायथनच्या ओठांवर छोटे खड्डे असतात, त्याने तो उष्णता ओळखतो, म्हणून उंदीर अंगाला उबदार लागला पाहिजे, साधारण ३८ अंश, डोकं सगळ्यात गरम. कोरडा पुसून घ्या. अंधार पडल्यावर, खोलीत मंद उजेड, लांब चिमट्यात शेपटीच्या बाजूने धरून हाइडच्या तोंडाशी हलकेच हलवा, नाकावर आपटू नका. जीभ बाहेर येऊन डोकं स्थिर झालं की तुम्ही पण स्थिर व्हा. पकडून विळखा घातला की चिमटा सोडा आणि निघा, व्हिडिओ पुढच्या वेळी.

नाही घेतला तर उंदीर एका छोट्या ताटलीत हाइडच्या दाराशी ठेवून टब झाकून झोपा. माझ्याकडचा पहिले तीन वेळा असंच करत होता, चिमटा दिसला की डोकं आत. चौथ्या वेळी, २६ व्या दिवशी, सकाळी ताटली रिकामी, आणि मी त्या दिवशी ऑफिसला उशिरा गेले कारण नुसतं टबकडे बघत बसले होते. सकाळपर्यंत नाही खाल्ला तर उंदीर फेकून द्या, परत फ्रीज करू नका, आणि पुढचे सात दिवस विचारू पण नका. रोज रोज उंदीर नाचवणं ही सगळ्यात मोठी चूक, त्याने भीती वाढतेच. जिवंत उंदीर टबात सोडून झोपणं तर नकोच, उंदीर सापाला कुरतडतो, डोळे जातात.

डोळे निळसर दुधाळ झाले असतील तर कात येणारे, ती पडेपर्यंत बहुतेक जण खात नाहीत. स्वयंपाकघरातल्यासारखा एक डिजिटल काटा वेगळा घ्या आणि दहा-पंधरा दिवसांनी वजन लिहून ठेवा. मोठा साप हिवाळ्यात दोन-तीन महिने न खाता राहतो आणि वजन फारसं हलत नाही, तेव्हा काळजी नको. पण वजन दहा टक्क्यांनी उतरलं, किंवा छोटं पिल्लू महिनाभर खात नाहीये, किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंड उघडं, नाकातोंडाशी बुडबुडे असं दिसलं तर वाट बघू नका, सरपटणारे प्राणी बघणारा व्हेट गाठा. असा व्हेट साप आणायच्या आधीच शोधून नंबर सेव्ह करून ठेवा, कुत्र्या-मांजरांचे प्रत्येकच डॉक्टर साप बघतात असं नाही. पाण्याच्या भांड्यात बारीक काळे ठिपके तरंगत असतील तर ते माइट्स, म्हणजे सापाच्या अंगावरचे बारीक किडे, तेव्हाही व्हेटच. आणि जबरदस्तीने तोंड उघडून भरवणं हे घरी करायचं काम नाही, जबडा दुखावतो.

खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही. उलटी केली तर आधी तापमान तपासा, मग दोन आठवडे काहीच द्यायचं नाही आणि नंतर नेहमीपेक्षा छोटा उंदीर. ओळीने तीन वेळा खाल्लं की मग हातात घ्यायला सुरुवात, वरून झडप घातल्यासारखा हात नको, बाजूने खालून उचला, पहिल्यांदा पाचच मिनिटं, आणि नंतर हात साबणाने धुवा.