खाणीचं पाणी खाणीतच फिरवायचं कसं

मे महिन्यात टँकरवाल्याच्या मागं लागायचं आणि जुलैत खाण उपसायला डिझेल जाळायचं, ही कोल्हापूरजवळच्या टोप-कासारवाडीकडच्या कितीतरी क्रशरवाल्यांची रीत. मीही बरीच वर्षं तेच केलं. आता क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, धुण्याच्या प्लँटवर सुपरवायझर आहे, आणि नवा पोरगा आला की आधी त्याच्या हातात पाना नाही, वही देतो.

वहीत पहिलं लिहायचं ते पाणी जातं कुठं. मालक म्हणणार, ऊन पितंय. अहो, गाळ बसवायची टाकी अडीच गुंठ्यांची धरा आणि दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडालं म्हणा, तरी ते अडीच हजार लिटर. खरी गळती दुसरीकडं आहे. दिवसाला 200 टन वाळू निघाली आणि ती 12 टक्के ओली असली, तर 24 हजार लिटर पाणी वाळूबरोबर ढिगात गेलं. म्हणून ढीग मातीवर मारायचा नाही. उताराचा कोबा करायचा, कडेनं चर काढून तो टाकीला जोडायचा. रात्रभर निथळली की त्यातलं बरंच पाणी सकाळी टाकीत येतं, आणि गिऱ्हाइकाच्या ट्रकातून रस्ताभर पाणी सांडत नाही.

त्याहून मोठा चोर म्हणजे चिखल. 20 टन कोरडी भुकटी धुऊन निघाली समजा. चिखल पातळ, पाचात एक हिस्सा भुकटी, असा सोडला तर त्याच्याबरोबर 80 हजार लिटर पाणी गेलं. तोच निम्मा-निम्मा होईपर्यंत घट्ट केला तर 20 हजारच जातं. फरक 60 हजार, म्हणजे दहा हजारी सहा टँकर. रोजचे.

घट्ट करायचा तर आधी गाळ खाली बसला पाहिजे. 75 मायक्रॉनचा कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मीटरभर पाण्यात तीन-साडेतीन मिनिटांत तळाला जातो. दहा मायक्रॉनचा तीन तास घेतो. दोन मायक्रॉनच्या मातीला तीन दिवस लागतात, तेही पाणी हललं नाही तर. म्हणून टाकी खोल खणत बसू नका, पसरट करा. बारीक कण अडवायची ताकद टाकीच्या क्षेत्रफळावर ठरते. खोली लागते ती गाळ साठायला. तीन टाक्या ओळीनं ठेवा, आणि पहिलीचा गाळ आठवड्याला काढा. ती भरली की पाणी वरच्या वर पळतं आणि तिन्ही टाक्या असून नसल्यासारख्या.

तरी शेवटचा गढूळपणा जात नाही. तिथं पॉलिमर लागतं, म्हणजे बारीक कण एकमेकांना चिकटवून खाली बसवणारं रसायन. आम्ही पॉलिअॅक्रिलअमाइडची पावडर वापरतो, हजार लिटर पाण्यात एक किलो विरघळवून तिचं द्रावण करतो. पोती फोडून ओतलीत तर साबुदाण्यासारख्या गुठळ्या होतात आणि पैसे पाण्यात. एकानं चाळणीनं भुरभुरायची, दुसऱ्यानं हळू ढवळायचं, आणि तासभर मुरू द्यायचं. सांडली तर पाणी मारू नका, कोरडीच झाडून घ्या. ओली झाली की फरशी शेवाळापेक्षा घसरडी होते. माझं मनगट त्यातच मुरगळलंय.

मात्रा ठरवायला लॅब लागत नाही. पाण्याच्या लिटरभराच्या चार बाटल्या घ्या, गढूळ पाणी भरा. एक तशीच ठेवा. बाकीच्यांत इंजेक्शनच्या सिरिंजनं ते द्रावण एक, दोन, तीन मिली घाला. बूच लावून आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करा आणि उन्हाकडं धरा. दूध नासल्यासारखे गाळाचे पुंजके दिसतात, खाली सरकतात, वरचं पाणी निवळतं. ज्या सगळ्यात कमी मात्रेला हे जमलं ती तुमची. आमच्याकडं बहुतेक दोन मिली पुरते, म्हणजे ताशी 60 हजार लिटरला आठ तासांत किलोभर पावडर. पॉलिमर पंपाच्या आधी घालू नका, पंख्यात पुंजके तुटतात. तुरटीनंही निवळतं, पण जास्त लागते आणि गाळही वाढवते.

हे मी शहाणपणानं शिकलो नाही. एका पावसात आमच्या टाकीचा बांध फुटला आणि राखाडी पाणी ओढ्यातून शेजारच्या तात्यांच्या उसात शिरलं. सरीत चार बोटं गाळ, वाळल्यावर सिमेंटसारखा कडक. तात्या भांडले नाहीत. एक ढेकूळ आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “हे खाऊन दाखव.” त्यानंतर टाकीतलं पाणी बांधाच्या काठापासून दोन फूट खाली ठेवल्याशिवाय मी जून उजाडू देत नाही.

पावसाचा हिशेब सोपा आहे. एका गुंठ्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर, म्हणजे गुंठ्याला एक टँकर. दोन एकरांची खाण असली तर 80 टँकर, आणि वरच्या रानातून येईल ते वेगळंच. म्हणून माथ्यावरून खाणीभोवती चर काढायचा आणि स्वच्छ पाणी बाहेरच्या बाहेर ओढ्याला लावायचं. त्याला खाणीतल्या पाण्यात मिसळू द्यायचं नाही. एकदा मिसळलं की सगळंच गढूळ, सगळंच निवळवत बसायचं.

हे काळ्या दगडाचं झालं. राधानगरी-शाहूवाडीकडं सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, बॉक्साइटच्या खाणी आहेत, तिथं जांभा सच्छिद्र. सड्यावर मुरलेलं पाणी पायथ्याच्या झऱ्यांना जातं, आणि गावं त्या झऱ्यांवर पितात. तिथं आमची कोबा-टाकीची अक्कल जशीच्या तशी लावू नका. आधी झरे मोजा.

खाणीत साठलेलं पाणी मात्र आम्ही उन्हाळ्यापर्यंत पुरवतो. एक कोपरा खोल ठेवलाय, तिथं मशीन उतरत नाही. पंपाचा फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची झडप) तळाला सोडू नका, गाळच ओढतो. दोन रिकाम्या प्लॅस्टिक बॅरलला नायलॉनच्या दोरीनं बांधून हातभर खाली लटकवा. पाणी उतरलं की बॅरलही उतरतं, आणि वरचं निवळ पाणीच पाइपात येतं.