मतदार यादीतलं आपलं नाव आणि माहिती कशी सांभाळावी

आधी एक गैरसमज दूर करू. मतदार यादी गुप्त नसते. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, ओळखपत्र क्रमांक हे सगळं त्यात छापलेलं असतं. बोगस नावं आणि गळालेली नावं लोकांनाच शोधता यावीत, म्हणून ती उघडी ठेवतात. आधार आणि मोबाइल नंबर मात्र त्यात नसतो, आणि फोनवरून गोड बोलून विचारणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

सुरुवात नाव शोधण्यापासून करा. भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर ओळखपत्र क्रमांक टाकला की तुमची नोंद दिसते. संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट गव्ह डॉट इन'नेच संपतो ना, हे पाहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून जाऊ नका. नेटचा कंटाळा असेल तर १९५० या हेल्पलाइनवर विचारा.

नोंदीत चूक असेल किंवा घर बदललं असेल तर नमुना ८ भरा. नवीन नावासाठी नमुना ६. आधार क्रमांक देण्यासाठी नमुना ६ ब आहे, पण तो ऐच्छिक आहे. आधार दिला नाही म्हणून नाव कापता येत नाही. 'आजच लिंक करा, नाहीतर मत बाद' असा निरोप आला तर तो सरळ उडवा. ओटीपी तर कोणालाच सांगू नका, दारात बीएलओ (मतदार यादीचं काम पाहणारा केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून उभा असेल त्यालाही नाही.

खरी काळजी नमुना ७ ची. हा नाव वगळण्यासाठीचा अर्ज, आणि तुमच्या नावावर हरकत घेणारा तो दुसराच कोणी असू शकतो. मात्र तुम्ही इथे राहत नाही असं सांगून कोणी हरकत घेतली, तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याला तुमचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. नोटीस आली की राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन हजर व्हा. खोटं निवेदन करणाऱ्याला १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तरीही नाव कापलंच, तर आदेशापासून १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

महापालिका किंवा जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. पण तो विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागनिहाय विभागतो, नवी नावं त्यात घालत नाही. म्हणून यादी निवडणूक जाहीर होण्याआधीच तपासा.